ब्लू आय मासे घरी वाढवायचेत? आधी पिल्लांचं खाणं तयार करा, अंडी नंतर

मागच्या महिन्यात तासगावच्या एका मित्राचा रात्री साडेदहाला फोन आला. "भावा, अंडी फुटली! वीसेक पिल्लं हायत, पाण्याच्या वरच्या थराला चिकटल्यागत दिसाय लागल्यात." आवाजात एवढा आनंद होता की मलाच झोप येईना. मी विचारलं खायला काय घालतोयस, तर म्हणाला गप्पीच्या पिल्लांना घालतो तीच पावडर बारीक करून. चौथ्या दिवशी परत फोन, एक पण पिल्लू शिल्लक नाही. माझी पहिली बॅच पण अशीच गेली होती आणि सांगली-मिरजेत ज्यांनी ज्यांनी हे मासे आणले त्यातल्या बऱ्याच जणांची अशीच गेली आहे, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय.

आधी मासा कुठला ते सांगतो. शास्त्रीय नाव स्यूडोम्युगिल, अर्थ होतो 'खोटा बोईट' (बोईट म्हणजे खाडीत मिळणारा एक मासा), कारण पाठीवर बोईटासारखेच दोन वेगवेगळे पर असतात. १८६६ साली क्नेर नावाच्या शास्त्रज्ञाने हे नाव दिलं. ज्यांना सिल्व्हरसाइड म्हणतात, अंगावर चांदीसारखी पट्टी असणारे छोटे चपळ मासे, त्यांच्याच गणातली ही मंडळी, आणि रेनबो माशांची पण जवळची नातलग. मूळ घर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी. पंधरापेक्षा जास्त जाती आहेत पण आपल्या दुकानात फिरून फिरून तीनच दिसतात. फोर्कटेल म्हणजे फर्केटस, गर्ट्रूड म्हणजे ठिपकेवाला, आणि रेड निऑन म्हणजे ल्युमिनेटस. डोळा मात्र सगळ्यांचा निळा, टँकसमोरची लाइट बंद करून बाजूनं टॉर्च मारली ना की नुसते निळे ठिपके इकडून तिकडे फिरताना दिसतात.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही ती मी सांगतो. हे मासे जास्त जगत नाहीत. गर्ट्रूड आणि रेड निऑन साधारण वर्ष-दीड वर्ष, फोर्कटेल नीट ठेवला तर दोन वर्षांच्या आसपास. तुम्ही आणता तेव्हा तो आधीच चार-पाच महिन्यांचा असतो, म्हणजे हातात किती वेळ राहिला हिशोब करा. त्यामुळे ज्याला हा मासा टिकवायचाय त्याला ब्रीडिंग शिकावंच लागतं, दुसरा रस्ता नाही.

कुठली जात घ्यायची ते तुमच्या नळाचं पाणी ठरवतं

रंग बघून मासा निवडू नका, पाणी बघून निवडा. आपल्याकडं एकाच जिल्ह्यात पाण्याचे किती प्रकार! जत, आटपाडी, कवठेमहांकाळ बाजूला बोअरचं पाणी एवढं जड की किटलीत पांढरा थर बसतो. सांगली-मिरजेत कृष्णेचं पाणी मध्यम. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर-पाटणकडं, पावसाचा भाग असल्यानं पाणी हलकं.

फोर्कटेल हा पूर्व पापुआ न्यू गिनीतल्या स्वच्छ, झाडीतल्या ओढ्यांचा मासा. त्याला पीएच ७ ते ८ चालतो, थोडं जड पाणी पण चालतं. पहिल्यांदा करणाऱ्यानं डोळे झाकून फोर्कटेल घ्यावा असं माझं ठाम मत आहे. आकारानं पण पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत जातो, अंडी मोठी, पिल्लं मोठी, सगळंच सोपं.

गर्ट्रूड तीन सेंटीमीटरच्या आसपासचा, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण न्यू गिनीच्या संथ, कमळाच्या दलदलीतला. १९११ मध्ये त्याचं वर्णन झालं तेव्हा नमुने अरू बेटांवरचे होते. त्याला आणि रेड निऑनला हलकं, किंचित आम्ल पाणी लागतं, पीएच ६ ते ७. रेड निऑन तर २०१६ ला शास्त्रज्ञांनी स्वतंत्र जात म्हणून नोंदवला, त्याआधीपासून दुकानात दुसऱ्याच नावानं विकला जात होता. आपल्याकडं या दोघांसाठी आरओचं आणि नळाचं पाणी अर्धं अर्धं मिसळा नाहीतर पावसाचं पाणी साठवा. पावसाचं पाणी घेताना पहिले तीन-चार मोठे पाऊस सोडून द्या, पत्र्यावरची सगळी धूळ-घाण धुऊन जाऊ दे, मग ड्रम भरा.

टँक

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पन्नास-पंचावन्न लिटर पाणी बसतं, दहा माशांना पुरतं. ब्रँडेड घ्यायची काही गरज नाही, काचेच्या दुकानात सांगितलं की चार दिवसांत बनवून देतात. फक्त वर झाकण हवंच हवं, हे मासे उडी मारतात. मी मच्छरदाणीची जाळी लाकडी पट्टीवर ताणून लावली आहे, हवा पण जाते आणि उन्हाळ्यात टँक तापत नाही.

फिल्टर स्पंजचा. पॉवर फिल्टर लावला तर प्रवाह जोरात होतो आणि एखादं पिल्लू चुकून मोठ्या टँकमध्ये राहिलं तर ते ओढलं जातं. खाली बारीक वाळू, गडद रंगाची असली तर माशाचा रंग उठून दिसतो. झाडं भरपूर लावा, जावा मॉस आणि गप्पी ग्रास पुरे, ही दोन्ही मरत नाहीत.

पाणी भरलं आणि लगेच मासे सोडले असं करू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो अँटीक्लोरीनचे थेंब टाकून घालवा किंवा पाणी दोन दिवस एअरपंप लावून ठेवा. त्यानंतर खरं काम सुरू होतं, स्पंजमध्ये बॅक्टेरिया वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. हेच बॅक्टेरिया माशाच्या घाणीतला अमोनिया पचवतात. कोणाचा तरी जुना, चालू टँकमधला स्पंज मिळाला तर हा वेळ निम्म्यावर येतो. विश्रामबागच्या एका काकांनी मला त्यांचा तीन वर्षं जुना स्पंज कापून अर्धा दिला होता, पैसे देतो म्हटलं तर म्हणाले, "पुढच्या पोराला तू दे अर्धा." तो मी दिला पण.

मासे आणताना

दुकानात बहुतेक सगळे नर दाखवतात कारण पिवळे, चमकदार पर त्यांचेच. फोर्कटेलच्या नराचा पाठीवरचा पहिला पर शिडासारखा उंच असतो, पोटाखालचे पर पिवळेधमक आणि शेपटी काट्यासारखी दुभागलेली. मादी फिकट, पर आखूड. तुम्ही हट्टानं फिकट मासे मागा. तीन नर आणि सहा माद्या हे प्रमाण मला सगळ्यात चांगलं वाटतं. एकच नर ठेवला तर तो रंगच दाखवत नाही, दुसरा नर समोर आला की मग पर ताणून जी मिरवणूक काढतात ती बघत बसावी अशी असते, आणि मारामारी नावाला.

घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी आणि टँकचं पाणी हळूहळू एक करा. मासे पिशवीच्या पाण्यासकट एका छोट्या बादलीत घ्या, टँकमधून सलाइनच्या नळीसारखी बारीक नळी काढा, तिला गाठ मारून थेंब थेंब पाणी पडू द्या. तासभर. एका दुकानातून मी आठ मासे आणले होते, दुकानदार म्हणाला डायरेक्ट सोडा काही होत नाही, मी सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मेलेले होते. तेव्हापासून कोण काही म्हणू दे, थेंबाशिवाय मासा पाण्यात जात नाही.

खायला रोज दोनदा, थोडं थोडं. तोंड बारीक आहे, नेहमीचे दाणे गिळत नाहीत, बोटांनी चुरून घाला. आठवड्यातनं तीनदा तरी जिवंत खाणं द्या, आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले झिंग्यासारखे बारीक जीव), डॅफ्निया (गोड्या पाण्यातले पिसवांएवढे जीव), डासाच्या छोट्या अळ्या. जिवंत खाणं बंद केलं की माद्यांची अंडी बंद, हे मी दोनदा बघितलंय.

आता मुख्य काम, खाण्याची तयारी

इथं सगळ्यांची चूक होते. लोक आधी अंडी गोळा करतात आणि पिल्लं बाहेर आली की खाणं शोधायला लागतात. ब्लू आयचं पिल्लू म्हणजे शिवायच्या दोऱ्याचा अर्ध्या सेंटीमीटरचा तुकडा, त्यावर दोन चमकणारे डोळे. त्याचं तोंड एवढं लहान की पावडरचा कण पण त्याला दगड आहे, आणि ते पिल्लू पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतं, खाली पडलेलं काही खायला जातच नाही. पोटातली पिवळी पिशवी संपली की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. तासगावच्या मित्राचं हेच झालं. म्हणून अंडी गोळा करायच्या दोन आठवडे आधी या बरण्या सुरू करा.

पहिली बरणी इन्फुसोरियाची, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव. एक लिटरची काचेची बरणी घ्या, त्यात चालू टँकचं पाणी आणि स्पंज पिळलेलं थोडं गढूळ पाणी घाला, कोबीचं एक छोटं पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून त्यात टाका. खिडकीत ठेवा, कडक ऊन नको. दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं आणि वास सुटतो, घाबरून फेकू नका, तो बॅक्टेरियाचा टप्पा आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी परत निवळायला लागतं, तेव्हा मोबाइलचा टॉर्च मागून धरून बघा, धुळीसारखे पांढरे ठिपके आपापल्या मर्जीनं हलताना दिसतील. धूळ एका दिशेनं वाहते, हे ठिपके दिशा बदलतात, यावरनं ओळखायचं. दर चार दिवसांनी नवी बरणी लावा म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी तयार. आणि बरणीच्या तोंडाला सुती कापड बांधा, नाहीतर डास आत अंडी घालतात, घरात डेंग्यूला आमंत्रण नको.

दुसरी बरणी व्हिनेगर ईलची. हे दोऱ्यासारखे बारीक कृमी, माशाला आणि माणसाला दोघांना निरुपद्रवी. सुरुवातीचं कल्चर, म्हणजे जिवंत कृमी असलेलं विरजण, मासे पाळणाऱ्या कोणाकडून तरी मागून आणा. अर्धं ॲपल सायडर व्हिनेगर, अर्धं पाणी, सफरचंदाची एक फोड, बस, महिनोन्महिने चालतं. काढायची पद्धत मला फार आवडते. उंच मानेच्या बाटलीत मानेच्या खालपर्यंत कल्चर भरा, मानेत उशीतला कृत्रिम कापूस घट्ट बसवा आणि त्याच्या वर साधं पाणी ओता. हवेसाठी कृमी कापसातून वर चढतात आणि दुसऱ्या दिवशी वरच्या साध्या पाण्यात जमा होतात, ड्रॉपरनं उचलून सरळ पिल्लांना. यांचा मोठा फायदा म्हणजे हे पाण्यात दिवसभर पोहत राहतात, तळाला जाऊन बसत नाहीत. बरेच जण मायक्रोवर्म सांगतात, ते वाईट नाहीत पण ते बुडतात, आणि आपलं पिल्लू वर आहे.

तिसरं आर्टेमिया, पण ते नंतर लागणार, खाली सांगतो.

अंडी

ब्लू आय एका दिवसात सगळी अंडी घालत नाहीत. मादी रोज थोडी थोडी घालते, बहुतेक सकाळी उजेड पडल्यावर, आणि अंड्याला चिकट धागे असतात त्यानं ते झाडाला लटकतं. आपण झाडाऐवजी लोकरीचा झुबका देऊ.

गडद हिरवी ॲक्रिलिक लोकर घ्या. शंभर पानी वहीला पन्नास वेढे द्या, एका टोकाला घट्ट बांधा, दुसरं टोक कात्रीनं कापा. मग उकळा आणि रंग सुटतोय का बघा, सुटत असेल तर ती लोकर बाद. आमच्या आईनं स्वेटरची उरलेली लोकर दिली होती, तिनं विचारलं, "अरे माशांना पण थंडी वाजते का?" पण दुसऱ्या दिवशी त्यात अंडी दाखवली तर चष्मा लावून अर्धा तास तीच बघत बसली. झुबक्याला थर्माकोलचा तुकडा बांधून टँकमध्ये तरंगता सोडा.

रोज संध्याकाळी झुबका बाहेर काढा, हलका पिळा आणि एकेक धागा बाजूला करत बघा. फोर्कटेलचं अंडं मोहरीएवढं, काचेसारखं पारदर्शक. बोटानं उचललं तरी फुटत नाही, चांगलं कडक असतं, उलट जे बोटाला लगेच फुटतं किंवा पांढरं दिसतं ते मेलेलं. आईस्क्रीमचा रिकामा डबा धुऊन घ्या, त्यात टँकचंच पाणी, मिथिलीन ब्लूचे (बुरशी रोखणारं निळं औषध) थेंब टाकून अगदी फिकट निळं करा, अंडी त्यात ठेवा. रोज पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरनं काढा, एक सडलं की बुरशी शेजारच्याला धरते.

डब्यावर तारीख लिहा आणि दर आठवड्याला डबा बदला. हे फार महत्त्वाचं आहे कारण दोन आठवड्यांनी मोठं असलेलं पिल्लू लहान पिल्लाला त्रास देतं, खाणं पण सगळं तेच खातं.

पाच-सहा दिवसांनी भिंग लावून बघा. अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. अजून काही दिवसांनी त्या डोळ्यांना चांदीची कड येते आणि आत पिल्लू एकदम गिरकी घेतं, मग स्थिर, मग परत गिरकी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. २६-२७ डिग्रीला फोर्कटेलची अंडी साधारण दोन ते तीन आठवड्यांत फुटतात, गर्ट्रूडची थोडी लवकर. लोक दहाव्या दिवशी कंटाळून फेकून देतात. डोळे दिसतायत तोपर्यंत अंडं जिवंत आहे, थांबा.

पिल्लं

पहिलं पिल्लू दिसलं की मिथिलीन ब्लू कमी करायला लागा, ताजं पाणी हळूहळू घालून, कारण ते निळं औषध आपण घालणार त्या इन्फुसोरियाला पण मारतं. मग पिल्लं चमच्यानं पाण्यासकट दहा लिटरच्या टबमध्ये हलवा, जाळी वापरू नका. टबमध्ये जुना स्पंज, एक बुडबुडा सेकंदाला एवढीच हवा, आणि मॉसचा गोळा. पाण्यावर तेलकट साय धरू देऊ नका, पिल्लं वरच राहतात त्यांना तीच नडते. कागदाचा तुकडा पाण्यावर ठेवून उचलला की साय निघते.

पहिले सात-आठ दिवस इन्फुसोरिया आणि व्हिनेगर ईल, दिवसातनं तीन-चारदा, थोडं थोडं. कामावर जाणाऱ्यांनी सकाळी निघताना जरा जास्त इन्फुसोरिया घातला तरी चालतो, तो जिवंत असतो, लगेच पाणी सडवत नाही. पोट बघा, पारदर्शक असतं, भरलं की आत पांढरट ठिपका दिसतो. तो दिसला की तुम्ही जिंकलात.

त्यानंतर आर्टेमिया. एक लिटरची प्लास्टिक बाटली बुडाला कापून उलटी टांगा, त्यात पाणी आणि २५ ग्रॅम खडेमीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, खालून एअरपंपची हवा आणि वर बल्ब. २६ ते २८ डिग्रीला साधारण २४ तासांत फुटतात, थंडीत ३६ पण लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर येतात, केशरी जीव खाली जमतात, नळीनं तेच ओढून घ्या, जुन्या रुमालातून गाळून साध्या पाण्यानं धुवा आणि मग घाला. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात म्हणून एवढी काळजी. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट केशरी होतं, लांबूनसुद्धा कळतं.

पाणी बदल रोज थोडा, एक-दीड लिटर, तोही थेंबाथेंबानं. दोन-अडीच महिन्यांत पर पिवळे व्हायला लागतात.

आपल्याकडचं हवामान

एप्रिल-मेमध्ये सांगलीत ४० च्या आसपास जातं, टँकचं पाणी ३२-३३ होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा फॅन आडवा मारा, दोन-तीन डिग्री उतरतात, हवा वाढवा. फॅननं पाणी उडतं, ते भरताना आरओचं किंवा पावसाचं भरा, नळाचं भरत राहिलात तर क्षार साठत जातात. बर्फ टाकू नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी २० च्या खाली जाऊ नये म्हणून ५० वॉटचा हिटर पुरतो. लाइट गेली तर सेलवर चालणारा छोटा एअरपंप घरात असू दे.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी गाठली की मी टँकची आवराआवर सुरू करतो. मोठा टँक वर नेता येत नाही, तो नादच सोडा. दहा मोठे मासे आणि मॉस झाकणाच्या बादलीत, अंड्यांचे डबे एका टोपलीत, व्हिनेगर ईलची बाटली खिशात. पुराच्या दिवसांत नळाचं पाणी गढूळ येतं, त्यात तुरटी आणि क्लोरीन जास्त असतं, म्हणून जूनमध्येच एक पिंप चांगलं पाणी झाकून साठवून ठेवा आणि महिनाभर मोठा पाणी बदल करू नका.

कितीही अडचण आली तरी मासे कृष्णेत, वारणेत, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नका. याच ब्लू आयची एक भाऊबंद जात आहे, हनी ब्लू आय, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात राहते, आणि ती आज धोक्यात आहे. त्यामागच्या कारणांत एक आहे गँबुसिया, डास मारायला बाहेरून आणून सोडलेला मासा. आपल्याकडं पण गँबुसिया १९२८ पासून आहे. जे ब्लू आयच्या घरात झालं ते आपल्या नदीतल्या माशांच्या घरात आपण करायचं नाही.

जास्त पिल्लं झाली तर ओळखीत वाटा, पिशवीसोबत अर्धा स्पंज आणि व्हिनेगर ईलची छोटी बाटली द्या. तासगावच्या मित्राला मी तीच बाटली परवा पाठवली, त्याची इन्फुसोरियाची बरणी आज चौथ्या दिवसात आहे, पाणी अजून दुधाळ आहे म्हणतो. झुबका त्यानं अजून टँकमध्ये टाकलेला नाही.